गवतावरचे तापमान

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

क्षमा असावी. रोजनिशी त्यांनी लिहावी ज्यांच्या आयुष्यात काही घडते. माझ्या आयुष्यात इतरांनी लिहिलेले आकडे उतरवून घेणे, एवढेच घडते. तरीही ही वही उघडून बसले आहे, याबद्दल कोऱ्या पानाची मनापासून माफी मागते. बोलता येत नाही म्हणून लिहिते, एवढेच कारण.

दहावीपर्यंत मी अमरावतीला मावशीकडे होते. मराठी माध्यम, शाळेत पहिली. मग जबलपूरला, गढ्यातल्या या घरी आले आणि तेव्हापासून हिंदी वर्गात मुकी झाले. आता शेतीच्या हवामानशास्त्रात एम.एस्‌सी.चे दुसरे वर्ष. राजश्री मॅडमच्या हाताखाली प्रबंध.

मॅडमचा सिद्धांत मला पाठ आहे, तरी एकदा माझ्या भाषेत मांडते. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात. डाग वाढले की अतिनील किरण वाढतात, ते फार उंचावरची हवा तापवतात, त्यामुळे ध्रुवाभोवतीचे वारे आवळले जातात आणि थंडी तिकडेच कोंडून राहते, असे एक मत आहे. दुसरे मत समुद्राचे. प्रशांत महासागराचे मधल्या पट्ट्यातले पाणी गार पडले, म्हणजे ला निना आली, की आपल्याकडच्या हिवाळ्यात थंडीच्या लाटांना वाट मिळते. मॅडमनी ही दोन्ही मते आमच्या विद्यापीठाच्या शेतावरच्या वेधशाळेच्या तीस हिवाळ्यांना लावून पाहिली. ला निना आणि सूर्य शांत: पाला पडला. ला निना आणि सूर्य प्रखर: पाला नाही. एकदाही नाही!

(गोठलेल्या दवाला इकडे सगळे पाला म्हणतात. मीही तेच लिहीन.)

यंदा ला निना आहे. सूर्य नुकताच शिखरावरून उतरू लागला आहे, अजून प्रखरच आहे. याच महिन्यात त्याच्यावर केवढा स्फोट झाला! म्हणून मॅडमचे निवेदन तयार होत आहे: यंदा जबलपूरच्या मटाराला पाल्याचे भय नाही. आकाशातला तारा आणि हजारो कोस दूरचा समुद्र, आणि दोघांचा हिशोब बरगीकडच्या मटाराच्या फुलावर येऊन मिळतो. किती सुंदर आहे हे. मला रडू येईल इतके सुंदर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज विभागात तुळशीराम काका आले. बरगी धरणाच्या कालव्यावर त्यांची शेती. शेतकऱ्यांची जी कालवा समिती आहे तिचे ते अध्यक्ष. डोक्याला मफलर, हातात मटाराच्या शेंगांची पिशवी. पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारले, “बेटी, मैडम हैं? नहीं? तो तू ही बता दे. पानी बचाएँ कि छोड़ें?”

मी पाण्याच्या बाटलीकडे पाहिले. ते हसले.

मेघनाने — ती माझ्यासोबत काम करते, तिला कुणाचीच भीती नाही — त्यांना बसवून सगळे विचारून घेतले. प्रश्न असा आहे. उशिरा पेरलेला मटार जानेवारीत फुलावर येतो. त्या दिवसांत पाला पडला तर एका रात्रीत फूल आणि कोवळी शेंग काळी पडते. संध्याकाळी हलके पाणी दिले तर पीक वाचते. पण कालव्याची एकच पाळी उरली आहे. ती डिसेंबरात घेतली तर दाणा भरतो, भाव मिळतो. राखून ठेवली तर जानेवारीच्या थंड रात्रींना हाताशी राहते. दोन्ही होणार नाही. समितीची बैठक वीस डिसेंबरला आहे. मॅडम जे लिहून देतील ते चारशे घरे करतील.

जाताना म्हणाले, “मैडम लिख दें तो हम आँख मूँद के मान लेंगे.”

चारशे घरे, डोळे मिटून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमकडे आजवर तीस हिवाळ्यांची टंकलिखित प्रतच होती. प्रबंधासाठी मी मूळ रजिस्टरांवरून ती पडताळते आहे. आज अकरा रजिस्टरे झाली. शिंका थांबत नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

आज रविवार असूनही गेले. एक रजिस्टर उघडले आणि अक्षर ओळखीचे निघाले! बाबांचे! तो उजवीकडे झुकलेला सात, शेपूट वळवलेला तीन. बाबा त्या वेधशाळेत निरीक्षक होते, हे मला ठाऊकच होते. पण त्यांचा हात असा अचानक समोर यावा! जणू हाक मारली. पान हुंगले. (हे कुणाला सांगायचे नाही.)

मग काम सुरू केले आणि एक विचित्र गोष्ट दिसली.

वेधशाळेत रात्रीचे किमान तापमान दोन जागी मोजतात. एक तापमापक माणसाच्या उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत. दुसरा उघड्यावर, दोन खुंट्यांवर आडवा, गवताच्या टोकांना टेकलेला. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, म्हणून गवतावरचा आकडा पेटीपेक्षा तीन-चार अंशांनी खाली असतो. नेहमी. पाला ठरतो तो गवतावरच्या आकड्याने.

इतर निरीक्षकांच्या थंड रात्री: पेटीत चार, गवतावर शून्य. पेटीत साडेतीन, गवतावर उणे एक. बाबांच्या थंड रात्री: पेटीत चार, गवतावर चार. पेटीत साडेतीन, गवतावर सव्वातीन.

हे होऊ शकत नाही.

आणि बाबांच्याच सौम्य रात्री पाहाव्यात तर फरक व्यवस्थित तीन-चार अंशांचा! म्हणजे तापमापक बिघडलेला नव्हता. फक्त पाला पडावा अशा रात्रींपुरताच फरक नाहीसा होतो. निवडून.

१ डिसेंबर, सोमवार



मॅडमच्या सिद्धांतात ‘ला निना आणि प्रखर सूर्य’ असे हिवाळे तीस वर्षांत किती? कोष्टकात रेघा इतक्या दाट आहेत की मी मोजले नव्हते. आज मोजले. तीन. फक्त तीन. १९९९–२०००, २०००–०१ आणि २०११–१२.

बाबांची नेमणूक: ऑक्टोबर १९९९ ते मे २००४. मग सिवनीला बदली. परत इथे जून २०११ ते निवृत्तीपर्यंत, मे २०१६.

तिन्ही बाबांचे!

सूर्याच्या फेऱ्यात मॅडमना जे दिसले ते सूर्याचे नव्हतेच. ते माझ्या वडिलांच्या बदल्यांचे वेळापत्रक होते.

२ डिसेंबर, मंगळवार

जेवले नाही. आईला डोकेदुखी सांगितली.

४ डिसेंबर, गुरुवार

एक शब्द आहे, तो चार दिवस लिहिण्याचे टाळते आहे. बनावट. थंडीत सकाळी सातला उठून गवतावर वाकायचे जिवावर आले असेल, आणि पेटीतला आकडा पाहून शेजारच्या रकान्यात तोच उतरवला असेल. असे करणारे असतात. प्रशिक्षणात आम्हाला त्याची उदाहरणे दाखवली होती. सगळे हसले होते. मीही.

मेघनाने आज मला पकडले. “ए पुस्तकी किडा, काय झालं? चेहरा तर असा, जशी तुझीच फसल जली.”

मी म्हटले, “एखाद्या निरीक्षकाने आकडे… मनाने लिहिले असतील, तर?”

“तर काय? त्याचे साल काढून फेक. किती साल आहेत?”

“तीन.”

“बस? तीन साल काढले तर काय होते?”

काय होते! तीन काढले तर एका बाजूला पूज्य उरते. सिद्धांताचा अर्धा भाग हवेत लटकतो. मॅडमचा २०१८ चा शोधनिबंध जातो. आणि तुळशीराम काकांना आम्ही डोळे मिटायला सांगतो आहोत ते कशाच्या जोरावर, याला उत्तर उरत नाही.

मेघना हलक्या आवाजात म्हणाली, “अच्छा… ओळखीचा आहे का तो?”

मी पुस्तक उघडले.

६ डिसेंबर, शनिवार

बाबांकडे पाहते. अंगणात स्वेटरवर शाल, वर्तमानपत्र उन्हात धरून वाचतात. अजूनही पहाटे उठून हात बाहेर काढतात आणि म्हणतात, “आज नऊ असन.” मोबाइल पाहावा तर नऊ किंवा सव्वानऊ. अशा माणसाला आकडे रचावे लागतील?

दुपारी पुन्हा विभागात गेले. या वेळी फक्त आकडे नाही, प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचली. सर्वांत उजवीकडे शेऱ्यांचा अरुंद रकाना असतो. आकाश, दव, धुके, असे काहीबाही. टंकलिखित प्रतीत तो रकानाच नाही. टंकलेखकाने कागद वाचवला असणार. म्हणून मॅडमनी तो कधी पाहिलेला नाही.

बाबांच्या त्या सगळ्या रात्रींपुढे, एकूण एकोणीस, एकच शब्द आहे. बारीक अक्षरात, सरकारी हिंदीत: ‘धुआँ’.

धूर. एकोणीसच्या एकोणीस वेळा. इतर कोणत्याही दिवशी नाही.

कसला धूर?

७ डिसेंबर, रविवार

विचारले.

सकाळी आई भाजीला गेल्यावर रजिस्टरातल्या पानांचे फोटो बाबांपुढे धरले. त्यांनी चष्मा लावला, आपले अक्षर पाहिले आणि चेहरा उजळला. हेच मला सहन झाले नाही.

“अरे वा! हे कुठून आणलंस?”

“बाबा, या रात्री गवताचा आकडा पेटीइतकाच कसा?”

त्यांनी पान जवळ घेतले. बोट फिरवले. जराही चाचरले नाहीत. “धूर केला होता ना त्या राती. हे पाय, लिहिलं आहे.”

“कसला धूर? कुठे?”

“वेधशाळेच्या कुंपणाला लागून मटाराचा प्लॉट होता, माह्या दोन्ही खेपेला. नव्या बियाण्याची चाचणी. पाला पडला असता तर सगळी मेहनत मातीत. मग मी पालापाचोळा, ओलं तणस, गोवऱ्या असं जमवून कुंपणाच्या कडेनं धुनी लावायचो. संध्याकाळी पाणीही सोडायचो. रातभर जागून राहायचो. आपलं क्वार्टर तिथंच तर होतं. एक शेंग नाही मेली त्या सालांमधी!”

केवढ्या अभिमानाने सांगत होते!

“आणि तापमापक?”

“तो दहा पावलांवर. कुंपणाच्या आत.”

दहा पावले! ओली जमीन, निखारे, वर धुराचे पांघरूण. तापमापकाला पाला दिसणार कसा? बाबांनी त्याच्यासमोरून थंडीच हाकलून लावली आणि मग सकाळी सातला वाकून, जे दिसले ते, दशांशासह, प्रामाणिकपणे उतरवले. एकही आकडा खोटा नाही. एकही आकडा खरा नाही.

“दुसरे निरीक्षक नाही करायचे धूर?”

“ते काहून करतीन? त्यांची ड्यूटी थोडीच होती. माही पण नव्हती.”

मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. “काहून रडून राहिली व बाई?”

सांगितले. सूर्य, समुद्र, तीन हिवाळे, निवेदन, वीस तारीख. त्यांनी सगळे ऐकले. चष्मा काढून शालीने पुसला. पुन्हा लावला. पुन्हा काढला.

“म्हणजे माह्या धुरावर हे सगळं उभं आहे?”

“अर्धे.”

“आन यंदा धूर करणारा कोणी नाही.”

माझ्या एवढ्या दिवसांच्या हिशोबात हे वाक्य नव्हते. मी फक्त त्यांच्या अब्रूचा विचार करीत होते.

९ डिसेंबर, मंगळवार

न्यायाने लिहायला हवे. यातून सूर्याचा हिवाळ्यावर परिणाम होत नाही, असे सिद्ध होत नाही. होत असेल. युरोपातल्या थंडीबाबत बरेच काम झाले आहे, त्यातही वाद आहेत. समुद्राचा परिणाम तर बराच जास्त मानतात. आणि वर आणखी गुंते: विषुववृत्तावरच्या उंच हवेतले वारे दर दोनेक वर्षांनी दिशा बदलतात, ध्रुवावरची हवा कधी अचानक तापते आणि थंडीचा बांध फुटतो, पश्चिमेकडून येणारे हिवाळी पाऊस कधी लागोपाठ येतात, कधी फिरकतच नाहीत. एवढ्या हातांनी हलवलेला पाळणा. तीस वर्षांत सूर्याचे फेरे जेमतेम तीन. तीन फेऱ्यांवरून काय म्हणणार कुणी?

आमच्या नोंदींवरून काहीच म्हणता येत नाही. एवढेच खरे. ‘पाल्याचे भय नाही’ याऐवजी ‘आम्हाला माहीत नाही’. आणि माहीत नसेल तर पाणी राखून ठेवावे, हे सांगायला शास्त्र कशाला हवे? तुळशीराम काका आपण होऊनच राखतात. आम्ही मध्ये पडलो म्हणून सोडून देतील.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मॅडमना सांगितले. काल आठ वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले होते. आज मेघनाने मागून ढकलले, अक्षरशः ढकलले, आणि मी त्यांच्या खोलीत जाऊन पडले.

राजश्री मॅडमविषयी इथे वाईट लिहिणार नाही. त्यांचे घराणे भोसल्यांच्या चाकरीतून इकडे आलेले, मराठी अजून जपून बोलतात. त्यांनीच मला म्हटले होते, “विनता, तू प्रबंध आधी मराठीत विचार करून लिही, मग भाषांतर कर.” असे मला कोणी कधी म्हटले नव्हते.

कोष्टक पुढे ठेवले. पेटी, गवत, फरक, शेरा. त्या वाचत गेल्या. दुसऱ्या पानावर त्यांचे बोट थांबले.

“हे निरीक्षक कोण?”

“पुंडलिक ढोमणे.” मग म्हटले, “माझे वडील.”

त्या म्हणाल्या, “धूर केला? वेधशाळेच्या कुंपणाशी? कुणाच्या सांगण्यावरून?”

बाबा आपल्या मनाने करायचे, असेच मी समजून चालले होते.

“सात वर्षे हा निबंध लोक वापरत आहेत, विनता. एका शब्दाच्या शेऱ्यावरून तो खाली ओढायचा? हंगाम संपू दे. उन्हाळ्यात शांतपणे पाहू.”

“पण मॅडम, वीस तारखेला…”

“निवेदन गेलेले आहे. काल संध्याकाळीच पाठवले.”

गेले! काल संध्याकाळी. काल मी आठ वेळा दारापर्यंत गेले आणि परतले. त्यातल्या एका वेळी जरी आत गेले असते तर!

१४ डिसेंबर, रविवार

आज बाबांनीच विषय काढला. मॅडम काय म्हणाल्या? ‘कुणाच्या सांगण्यावरून’ हे मी सांगितले आणि बाबा हसले. हसता हसता ठसका लागला. मग उठले, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि सेवापुस्तिकेतून एक कागद काढला.

विभागाच्या जुन्या चिठ्ठीवर निळ्या शाईत: ‘पुंडलिकजी, आज रात्री नक्की पाला आहे. कृपया प्लॉटच्या पूर्व कडेला धूर करावा व पाणी सोडावे. असे प्रत्येक वेळी केल्यास आभारी राहीन. — राजश्री. ११ जानेवारी २०००.’

मटाराची ती चाचणी राजश्री मॅडमचीच होती! तेव्हा त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, प्रबंध करणाऱ्या. माझ्याएवढ्या.

इतका संताप आला की मला माझीच भीती वाटली. ‘कुणाच्या सांगण्यावरून’! फोटो काढायला मोबाइल उचलला. बाबांनी माझा हात धरला.

“नको. ती खोटं नाही बोलली. तिच्या ध्यानात नसन. पंचवीस साल झाले. ती पोरगी मटार वाचवत होती, तापमापक तिचा नव्हताच. आकडे तिच्या हाती आले ते नंतर, टाइप होऊन.”

“पण तुमच्यावर येईल सगळं!”

“येऊ दे. आग मी लावली. अन्‌ वाकून पाहत होतो तोही मीच. मले समजायला पायजे होतं. गरम हवा माह्याच तोंडाले लागत होती ना.”

कागद घडी करून परत पेटीत ठेवला. कुलूप लावले. बाबांनी त्या पेटीला कुलूप लावलेले मी कधी पाहिले नव्हते.

१६ डिसेंबर, मंगळवार

तुळशीराम काकांचा फोन मेघनाला आला. निवेदन पोहोचले. समितीतले बरेच जण खुशीत आहेत. शनिवारी पाणी सोडायचे ठरेल, मंगळवारी कालव्याचे दार उघडेल. “मैडम ने बड़ा बोझ उतार दिया,” म्हणाले.

मेघनाने फोन माझ्या कानाला लावला होता. मी श्वास घेतला आणि म्हटले, “काका, शनिवारच्या आधी… एक पत्र येईल. ते वाचल्याशिवाय…”

“कौन बोल रहा है?”

“मी. मैं. जो उस दिन कुछ नहीं बोली.”

ते हसले नाहीत. “अच्छा, बेटी. रुकेंगे.”

१८ डिसेंबर, गुरुवार

पत्र तयार. समितीला, प्रत मॅडमना आणि विभागप्रमुखांना. मेघनाने हिंदी तपासली. मी लिहिले होते, ‘तत्कालीन निरीक्षकांनी धूर केल्यामुळे’. बाबांनी ते खोडले आणि लिहिले, ‘मी, पुंडलिक ढोमणे, निवृत्त निरीक्षक, धूर करत होतो’. खाली सही केली, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. कुणी सांगितले होते याचा उल्लेख नाही. मी तीनदा विचारले. तीनदा नाही म्हणाले.

बाबांचे नाव खाली आहे, माझे त्याखाली. निबंधाला आव्हान देणारे पत्र, त्यावर विद्यार्थिनीची सही. प्रबंध संपला असे समजते. मॅडमशिवाय मला इथे कुणी ओळखतही नाही.

आईने ताटात दोन पुरणपोळ्या वाढल्या. सण नव्हता.

१९ डिसेंबर, शुक्रवार

पाठवायला बसले आणि फाटकाशी स्कूटी थांबली. मॅडम! गढ्याच्या या बोळात! डोळे सुजलेले. बसल्या नाहीत. सरळ बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“पुंडलिकजी, रात्री आठवलं. मी धूर पाहायला आले होते, शालीला चार दिवस वास होता. सांगितलं मीच होतं ना तुम्हाला?”

बाबा उठून उभे राहिले होते. “नाही जी. तुम्ही काहून सांगान? मीच माह्या मनानं केलं.”

बाबांना खोटे बोलताना मी आज प्रथम ऐकले. मी खाली पाहिले. पत्र्याच्या पेटीकडे पाहिले नाही.

मॅडमनी वाकून बाबांच्या पायाला हात लावला, माझ्या शेजारी येऊन बसल्या, पडद्यावरचे पत्र वाचले, संगणक स्वतःकडे ओढला आणि बाबांच्या वाक्याच्या वर एक वाक्य घातले: ‘हा धूर माझ्या सूचनेवरून होत होता, माझे अकरा डिसेंबरचे निवेदन आणि २०१८ चा शोधनिबंध मी मागे घेत आहे.’ सह्यांत स्वतःचे नाव सर्वांत वर.

“आता तू पाठव,” म्हणाल्या. “बोट तुझं.”

पाठवले. १९ डिसेंबर २०२५, शुक्रवार, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे.